सात घरांचे सात वार

सुमन, आठवतं का... वालूरच्या ओसरीवर आपण दोघी बहिणी आईच्या उपासाचे शेंगदाणे सोलायचो. चार सोलले की दोन तोंडात. आई आतून ओरडायची, "उपास माझाय का तुमचा?"

निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले होते. त्याच उन्हाळ्यात धनगराची गया गावात आली... तेरा-चौदा वर्षांची, आईबाप पटकीनं गेलेले. देवळाच्या पडवीत राहायची.

आई पुढे झाली. गरीब विद्यार्थ्यांना वार लावून जेवू घालतात, तसं गल्लीतल्या सात घरांनी गयाच्या दुपारच्या जेवणाचा एकेक वार घेतला. आपला सोमवार. शेजारच्या शिंपीणकाकू तिला ठेवून घेणार, शिवण शिकवणार. दोन वर्षांत पोर आपल्या पायावर उभी राहील... मला आईचा केवढा अभिमान वाटला होता!

सोमवारी गया आली की आई तिच्यापुढे मूठभर शेंगदाणे आणि ताक ठेवायची. मोठ्यांचा उपास, चूल पेटायची ती दिवेलागणीला. आपण मात्र सकाळीच रात्रीची भाकरी दुधात कुस्करून खाऊन बसलेल्या असायचो.

महिन्याभरानं गया हसत म्हणाली, "माय, आज तुमचा सोमवार. उद्या पलीकडं मंगळवार, मग गुरुवार, शनिवार... ज्या घरी जावं, त्या दिशी त्या घरी उपासच हाय. देवाच्या लय जवळ गेले बगा मी!"

आई हसली. आपणही हसलो, सुमन.

प्रत्येक घरानं आपापल्या उपासाचा वार दिला होता. स्वयंपाक वाचला आणि पुण्यही मिळालं... कुणी कुणाला विचारून केलं नव्हतं, हेच जास्त लागतं.

पंधरा दिवसांत गया खडी फोडणाऱ्या टोळीबरोबर निघून गेली. मुकादम दोन वेळची भाकरी देत होता. गल्ली म्हणाली, "रानातली पोर, शिवणाला थोडीच टिकणार!" तिचा अर्धा शिवलेला परकर काकूंकडे तसाच राहिला. पुढे तिचं काय झालं, कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

आता वय झालं, म्हणून इथेच घरातल्या सगळ्यांसमोर लिहून ठेवते. माझी शिलाई मशीन परभणीच्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावी. आईचा पितळी डबा सुमन, तुला... तुला तो हवाच होता.

आणि दर सोमवारी वसतिगृहातली एक मुलगी माझ्याकडे जेवायला येते. माझ्यामागे तो वार नातसुनेनं चालवायचा. तिला गरम भाकरी, वरण, वर तूप... घरात कुणाचाही उपास असो, तिच्यासाठी चूल पेटवायची.