फळीवरचा सॉस

...नाही, नाही, ते खोड. ‘बार्बेक्यूचे जाणकार’ काय लिहितेस? तो डेंटर आहे, डेंटरच लिही. जन्मभर गाड्यांचे पोचे काढले त्यानं. कॅम्पवरच्या सगळ्या तंबूवाल्यांकडून त्याच्याबद्दल थोडं थोडं लिहून घ्यायचं तुझ्या बापाच्या डोक्यात आलंय ना, मग मी सांगते तसंच उतरव. मला लिहिता येत नाही म्हणून माझ्या तोंडी पुस्तकातली भाषा घातलीस, तर तो लगेच ओळखेल आणि मला चिडवत बसेल.

तर पिंपाचं सांगत होते. त्याची ती शेगडी म्हणजे जुनं पिंप. गॅरेजात पडलेलं होतं, ते त्यानं उभं कापलं, आतून जाळून, घासून लख्ख केलं, बिजागऱ्या लावल्या, जाळी बसवली. एक पाय आखूड झाला म्हणून खाली कायम चपटा दगड. मी एकदा म्हटलं, अरे, लोकांच्या गाड्या सरळ करतोस आणि स्वतःची शेगडी लंगडी? तर म्हणाला, मावशी, गिऱ्हाईक पैसे देतं, शेगडी देत नाही.

दर उन्हाळ्यात तो आणि त्याची बायको तळ्याकाठच्या त्या कॅम्पवर येतात. आपला तंबू त्यांच्या शेजारी पडायला लागला तेव्हा तू रांगतही नव्हतीस. माणसं काय, चार दिवसांची. येतात, खुंट्या ठोकतात, निघून जातात. पण संध्याकाळी पिंपाचं झाकण उघडलं की आपापल्या ताटल्या घेऊन सगळी तिकडेच. कुणाकडे मासे असायचे, कुणाकडे कोंबडी, कुणी नुसते कांदे आणि मक्याची कणसं आणायचं. तो सगळ्यांचं भाजायचा. हे माझं, ते तुझं असं त्या जाळीवर कधी झालं नाही.

सॉस मात्र त्याचे. लाल सॉस टोमॅटो, लसूण आणि जाळलेल्या साखरेचा. तुझा बाप तो पोळीला लावूनसुद्धा खाईल. पिवळा मोहरीचा, मध घातलेला, तो माशांना. आणि काळा, आंबट आलुबुखारांचा, वरून दणदणीत मिरी, तो माझा. अजून माझाच आहे. सॉस लावायला त्याच्याकडे रंगाचा ब्रश, पण कोरा हं, दर वर्षी नवा. आधी कधी लावायचा नाही. साखर असते ना आत, ती करपते. भाजून होत आलं की मग दोन हात मारायचा, गाडीला शेवटचा रंग द्यावा तसा.

आणि चौथा सॉस फळीवरचा. नळाजवळ एक फळी आहे बघ, दगडांवर ठेवलेली. जाणारी माणसं उरलेल्या बाटल्या तिथे ठेवून जातात, मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून. पाव बाटली केचप, थोडं व्हिनेगर, मोहरीचं काहीतरी, तळाशी चिकटलेला मध. आपल्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी डेंटर ती सगळी फळी एका पातेल्यात रिकामी करायचा आणि चाखत चाखत त्याचा सॉस करायचा. त्याला ना माप ना कृती. दर वर्षी वेगळा, आणि दर वर्षी लोक ताटल्या पुसून खायचे. बाकीचे सॉस त्याची बायकोही करते. हा फक्त त्याच्या जिभेचा.

तुझे आजोबा गेले त्या वर्षी मला जबरदस्तीनं कॅम्पवर नेलं होतं. मी तंबूतून बाहेर येईना, जेवायला तर नाहीच. सगळ्यांनी समजावून झालं. डेंटर आला तो समजवायला नाही. ताटली पुढे केली, भाजलेला कांदा आणि कोंबडीचा तुकडा, वर काळा सॉस. म्हणाला, “मावशी, जरा बघा ना, करपलंय का? मला कळेना झालंय.” आता त्याला कळत नाही? पण विचारलंय म्हटल्यावर चाखायला नको? चाखलं. मग दुसरा घास घेतला. तो तिथे उभासुद्धा राहिला नाही, पिंपाकडे निघून गेला. त्या माणसानं मला पुन्हा जेवायला बसवलं गं. मी हे त्याला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहायचं आहे. नीट लिही.

आता गेल्या वर्षीचं. त्याला आधी ताप येऊन गेला होता, वाळलेला दिसत होता. लाल, पिवळा, काळा, सगळं नेहमीसारखं झालं. पिंपापाशी बोलायचा मात्र कमी. शेवटच्या संध्याकाळी म्हणाला, या वर्षी फळीवरचा राहू द्या. झालं, सगळे त्याच्यावर तुटून पडले. तुझा बाप सगळ्यात पुढे. बिचाऱ्यानं पातेलं चढवलं.

आपल्या पलीकडच्या तंबूत नवं लग्न झालेलं जोडपं होतं. त्यांनाही दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, म्हणून सकाळी आवरताना नवऱ्यानं मोहरीच्या सॉसची एक बाटली फळीवर नेऊन ठेवली होती. बाटली मोहरीची, पण आत भांडी घासायचा पिवळा साबण. मोठा डबा कशाला वाहायचा म्हणून नवरीनं घरून त्यात भरून आणलेला. नवऱ्याला काय ठाऊक? आणि डेंटरनं मोहरी समजून ती अख्खी बाटली पिळली.

पातेल्याला फेस आला. तो म्हणाला व्हिनेगर खवळलंय. चमचाभर घेतलं, जीभ फिरवली आणि म्हणाला, जमलंय.

मग सगळ्यांना वाढलं. बाई गं, काय सांगू. पण कुणी थुंकेना. तुझी आई चावतच राहिली, गिळायचं नाव नाही. तुझा बाप म्हणाला, वेगळाच आहे. नवा नवरा फारच सभ्य, म्हणाला, लिंबाचा वास छान येतोय. ते ऐकून नवरीनं फळीकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. “अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “ती माझी भांड्यांची बाटली होती.”

सगळे नळाकडे पळाले. हसू आवरेना कुणाला. मी मात्र डेंटरकडे बघत होते. तो हसत नव्हता. त्यानं पातेलं नाकाशी नेलं, खूप वेळ हुंगलं आणि खाली ठेवलं. तेव्हा मला कळलं. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, वास येत नाही का रे? म्हणाला, तापापासून ना वास, ना चव. लाल-पिवळा सगळा सवयीनं केला. आता हे पिंप जाताना कॅम्पच्या राखणदाराला देऊन टाकतो, त्याला हवं तर भंगारात घालील.

त्याची बायको मागेच उभी होती. तिलाही त्यानं सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, “तरीच. तापातून उठल्यापासून माझ्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलं नाहीत. मला वाटलं, शहाणपण आलं.” म्हणायला थट्टा, पण पदर डोळ्याला लावला होता.

गॅरेज तर त्यानं आधीच सोडलेलं. आता हेही सोडलं की तो घरात भिंतीकडे बघत बसणार, हे मला दिसत होतं. मी तशीच बसून राहिले होते ना तंबूत, मला नाही कळणार तर कुणाला? मी पातेलं ओतून टाकलं, दोनदोनदा घासून आणलं आणि त्याच्यापुढे ठेवून म्हटलं, “तू कर. चाखते मी.”

तो म्हणाला, मावशी, असं होत नसतं. मी म्हटलं, अजून फळीवर बाटल्या आहेत, आणि या पोरीनं सगळ्यांचं तोंड धुऊन दिलंय, चव आता चांगली कळेल. तेव्हा कुठे हसला.

त्यानं ओतलं, मी चाखलं. मी म्हटलं आंबट, तुझा बाप म्हणाला गोड कमी, नवरी म्हणाली तिखट हवं. भांडणं जुंपली. एकदा मी त्याचं मन राखायला म्हटलं, छान झालाय. तर त्यानं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, पत्र्यावर उजेड कुठे वाकडा पडतो ते बघतात ना, तसं. म्हणाला, “मावशी, तुमची डावी भुवई काहीतरी वेगळं सांगतेय.” आणि मीठ घातलं. मीठच कमी होतं गं.

तेव्हापासून हीच रीत पडली, यंदाही तेच चाललंय म्हणे तुझा बाप. तो सॉस करतो, चमचा सगळ्यांत फिरवतो आणि तोंडं बघतो. कोण काय बोलतं ते ऐकतच नाही. पिंप काही राखणदाराकडे गेलं नाही.

यंदा माझे गुडघे काही तळ्यापर्यंत जाऊ देत नाहीत. तर परवा तुझा बाप तिकडून घरी येऊन गेला, त्याच्या हाती डेंटरनं काळ्या सॉसची बाटली पाठवली, म्हणाला, मावशींना विचारल्याशिवाय मोठं पातेलं चढवणार नाही. मी काल भाजलेल्या कांद्याबरोबर खाल्लाय, आज नुसताच चाटून पाहिलाय.

तू शनिवारी कॅम्पवर जाते आहेस ना? हे कागद तिथे तुझ्या बापाला दे, पण निरोप तू स्वतः डेंटरला सांग. आलुबुखार यंदा आंबट निघालेत, साखर थोडी आणखी घाल म्हणावं. मिरीला हात लावू नको, अगदी बरोबर आहे. आणि तो तुझ्या तोंडाकडे बघत राहील, तर बघू दे. त्याला म्हणावं, आजीनं बाटली संपवलीय, दुसरी पाठव.