बाळापूरजवळची पूजा आणि आमचं न ठरलेलं शिबिर

निवृत्त झाल्यावर मी घरात कंटाळले होते. मेधा, माझी जुनी शेजारीण, म्हणाली, "तू नर्स, मी शिक्षिका. वऱ्हाडातल्या दोन-तीन गावांत आरोग्य शिबिरं घेऊ या." गावं आधी पाहून यावीत म्हणून आम्ही पुण्याहून रेल्वेनं निघालो.

बडनेऱ्याला सकाळी उतरलात तर अमरावतीत दह्यात भिजलेला गिला वडा खाऊनच पुढे जा. अमरावतीजवळच्या वलगावचं काम चटकन झालं. शाळेनं खोली द्यायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून अकोल्यामार्गे बाळापूर गाठलं. हमरस्ता चांगला आहे, पण आत वळल्यावर काळ्या मातीत खोल चाकोऱ्या. लहान गाडी नेऊ नका.

तिथल्या एका गावात कमलाबाईंनी जेवायला बसवलं. वांगी-मेथी पिकवून विकणारं घर. भाकरी-ठेचा झाल्यावर मी बीपीचं यंत्र काढलं, नुसतं दाखवायला. त्यांची सून पूजा हसत पुढे बसली. आठवा महिना.

एकशे सत्तर, एकशे दहा. पुन्हा मोजलं, तेच. पाय सुजलेले.

"डोकं दुखतं का गं?"

"कालपासून दुखून राहिलं. डोयापुढं काजवे चमकतात."

गरोदरपणी रक्तदाब असा चढला की अचानक झटके येतात, हे मी प्रसूतिकक्षात पाहिलेलं आहे.

"उनानं झालं असंन," कमलाबाई म्हणाल्या.

"आत्ता अकोल्याला न्यायला हवं."

"काहून भेव दाखवून राहिल्या मॅडम?"

"बाई, मलाच भीती वाटतेय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लुगडं खोचलं. रुग्णवाहिकेची वाट पाहायची माझी हिंमत झाली नाही. पूजाला मागच्या सीटवर डाव्या कुशीवर निजवलं. चाकोऱ्यांवर गाडी आदळली की मी तिचा चेहरा पाहायचे. चालक गजाननभाऊ विचारत होते, "जोरात घेऊ का हयू?" हमरस्त्यापर्यंत हळूच, मी म्हणाले. झटका आला तर माझ्या पिशवीत काय होतं? एक यंत्र आणि शिबिराची पत्रकं. हमरस्त्यावर पूजानं माझा हात धरला. "ताई, मले नीट दिसून नाई राहिलं."

मी तिच्याशी बोलत राहिले. काय बोलले, आठवत नाही.

सरकारी रुग्णालयात तिला लगेच आत घेतलं. संध्याकाळी मुलगी झाली, अगदी एवढीशी. बाळ काचपेटीत, आई शुद्धीवर. कमलाबाई भिंतीला टेकून रडल्या. मेधानं माझ्या हातात चहा दिला.

पुण्यात परतून तीन आठवडे झालेत. शिबिरासाठी मांडव, फळ्या, औषधं ठरवली होती. गंभीर रुग्णाला न्यायचं कसं, हे आम्ही दोघींनी कुठेच लिहिलं नव्हतं. पूजा जेवणानंतर आत भांडी घासायला गेली असती, तर आम्ही समाधानानं गावाला टाटा करून निघालो असतो. या विचारानं अजून दचकते.

काल कमलाबाईंचा फोन आला. "नात दूध पिऊन राहिली. मॅडम, गावात अजून चार जणी पोटुशी हायेत. तुमी कधी येता?"

"येत्या सोमवारी," मी म्हणाले. रुग्णाला न्यायची गाडी अजून मिळालेली नाही.