दुर्लाव्याची अंडी

लोणावळ्याच्या शाळेत मी मास्तर होतो. ते तीसचं दशक. रविवारच्या सकाळी तुंगार्लीच्या तळ्याच्या वर चढून माळ गाठायचा, गळ्यात जुनी दुर्बीण, खिशात वही. पाखरं ओळखण्यात माझी नजर पक्की होती आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

दसऱ्यानंतर माळावर गवतकापणी सुरू झाली. कापणाऱ्यांतल्या एका मावशींनी मला हाक मारली.

"गुर्जी, हितं या. हळू."

त्यांच्या विळ्यापासून हातभर पुढे, गवताच्या बुडाशी, दुर्लावा चार अंड्यांवर बसला होता. लाव्यासारखंच पाखरू, मातीच्या रंगाचं. आम्ही इतक्या जवळ वाकलो तरी जागचं हललं नाही.

"मादी आहे," मी सांगितलं. "काळ्या गळ्याचा, अंगानं मोठा, तो नर. परवाच घुमताना पाहिलाय."

"न्हाई. ह्यो बाप हाय. काळ्या गळ्याची ती बाई."

मी हसलो. "मावशी, दहा वर्षं पाखरं बघतोय मी."

"आन् आमी खातोय," त्या म्हणाल्या. "काळ्या गळ्याची कापली तर पोटात अंडं निघतं. येकदा न्हाई, लय येळा."

दुर्बिणीतून पोटातलं दिसत नाही. पण नुसतं ऐकून मान्य करणं माझ्या स्वभावात नव्हतं. मावशी घरटं सोडून भोवतीनं कापत गेल्या आणि मी रोज शाळेआधी माळ चढून करवंदीच्या जाळीआड बसू लागलो.

तिसऱ्या सकाळी काळ्या गळ्याचं पाखरू तशाच दुसऱ्या पाखराशी झोंबलं, त्याला पळवून लावलं, मग उतारावर एका फिक्या गळ्याच्या पाखरापुढे घुमत राहिलं, आणि शेवटी ते फिक्या गळ्याचंच त्याच्या पाठीवर चढलं. घरट्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. अंडी उबवणारं पाखरू फिक्या गळ्याचंच होतं.

वही उघडली. कितीतरी नोंदींत मी नर-मादी उलटे लिहून ठेवले होते. तिथंच बसून एकेक खोडून दुरुस्त केले. मावशींना सांगितलं, "तुमचं खरं."

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि कापत राहिल्या.

पिल्लं निघाली त्या सकाळी, ती अंगठ्याएवढी चारही मागे घेऊन बाप गवतात शिरताना आम्ही दोघांनी पाहिला.

"झालं न्हवं तुमचं?" मावशींनी विचारलं.

"झालं."

त्यांनी राखलेला झुबका दोन मुठींत कापला आणि भाऱ्यात खोचला.