पहिल्याच प्रश्नाला कबुली

आजही कुणी पहिल्याच प्रश्नाला ‘हो, मीच केलं’ म्हणालं की मला वसईतली ती दुपार आठवते आणि तोंड कडू होतं. पोलिसातून निवृत्त झालो, तरी ती चव काही जात नाही.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत मोटार वाइंडिंगचा एक कारखाना होता. जळलेल्या मोटारींना नवी तांब्याची तार भरून देण्याचं काम. तिथे बालगृहात वाढलेली तीन मुलं नोकरीला होती. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं आणि आता पुढे काय, हे विचारायला घरचं कुणी नसतं. या तिघांना जवळच्या गिरीज गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेने इथे चिकटवलं होतं. बाई स्वतः गाळ्यागाळ्यांतून फिरायच्या, मालकांना गळ घालायच्या, कुठल्या मुलाला कशात रस आहे ते बघून त्याला तिथे पाठवायच्या. सगळे त्यांना टीचर म्हणत.

त्या दिवशी मालक तिघांना आपल्या गाडीत घालूनच आमच्या पोलीस ठाण्यात आला. गोदामातून तारेची रिळं गेली होती.

‘‘साहेब, गुन्हा दाखल करा. या तिघांपैकीच कुणीतरी आहे. आईबापाचा पत्ता नाही, दुसरी काय अपेक्षा करणार?’’

गोदामाची किल्ली आणखी कुणाकडे असते, असं मी विचारलं. ‘‘घरच्यांकडे,’’ असं म्हणून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काही अभद्र बोललो.

तिघांना बाकावर बसवून मी विचारलं, ‘‘तार कुणी घेतली?’’

त्यांच्यातला उंच मुलगा ताडकन उभा राहिला. ‘‘मी, साहेब. सही कुठे करायची?’’

मालकाने सुस्कारा सोडला. ठाणे अंमलदारांनी जबाबासाठी कागद पुढे ओढला. मी त्यांना थांबवलं. आयुष्यभर चोर पाहिलेत. खरा चोर आधी रडतो, मग देवाची शपथ घेतो, मग मित्राचं नाव पुढे करतो. सहीची घाई त्याला कधीच नसते.

मुलाला आतल्या खोलीत घेतलं. ‘‘किती रिळं नेलीस?’’

‘‘मालक म्हणतात तेवढी.’’

‘‘कशातून?’’

‘‘सॅकमधून.’’ त्याच्या सॅकमध्ये डबा आणि वाइंडिंगचं पुस्तक ठेवलं की चेन लागत नव्हती.

‘‘विकली कुठे?’’

तो जरा गडबडला. ‘‘साहेब, तुम्हीच लिहा ना काय ते.’’

एवढ्यात भंगारवाल्यांकडे चौकशीला पाठवलेले आमचे बीट हवालदार खबर घेऊन आले. आचोळ्याच्या एका भंगारवाल्याकडे कोरी करकरीत तार उतरली होती. त्यालाच ठाण्यात आणलं.

‘‘चोरीचा माल मी घेतच नाय साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘मालकाचा भाचा टेम्पो घेऊन आलेला. घरच्या माणसाला काय विचारू?’’

भाच्याला बोलावलं. तो आधी रडला, मग देवाची शपथ घेतली, मग मित्राचं नाव सांगितलं.

आता मालकाचा सूर बदलला. ‘‘साहेब, घरचा मामला आहे हा. पोरगं आहे, चुकलं. करिअर आहे त्याचं पुढे.’’ भाचा त्या उंच मुलापेक्षा मोठाच होता. ‘भाच्याने माझ्या परवानगीनेच माल नेला,’ असा जबाब मालकाने दिला आणि चोरीच उरली नाही. मला संताप आला, पण संतापाचं कलम नसतं.

टीचर तोवर धापा टाकत येऊन पोचल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी मुलाला चहा दिला आणि विचारलं, ‘‘अरे, केलं नव्हतंस तर कबूल का झालास?’’

‘‘होममध्ये काही हरवलं ना साहेब, की कुणी कबूल होईपर्यंत कुणालाच जेवण नाय. छोटी पोरं रडायची. मग आम्ही मोठ्यांनी नंबर लावले. आज माझा नंबर होता.’’ तो ग्लासाकडे बघत होता. ‘‘एकाने अंगावर घेतलं की बाकीच्यांना ताट मिळतं. वाटलं, मी आत गेलो तर ह्या दोघांची नोकरी राहील.’’

टीचर त्याच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘इंटरव्ह्यूला कसं बसायचं, कसं बोलायचं, सगळं शिकवलं हो मी यांना. ‘मी नाही केलं’ म्हणायला शिकवायचंच राहिलं.’’

दुसऱ्या दिवशी मालकाने तिघांनाही काढून टाकलं. कारण काय, तर यांच्यामुळे पोलिसांची कटकट झाली. भाचा तिथेच राहिला, सुपरवायझर म्हणून. मी मालकाला फोन केला. त्याने आदराने ऐकून घेतलं आणि काहीही केलं नाही. शेजारच्या गाळ्यांतही बातमी पोचली होती. ‘होमची पोरं नकोत’ हे टीचरना जागोजागी ऐकावं लागलं. भाच्याचं नाव कुणीच काढत नव्हतं.

कबुली मिळाली की तपास संपत नाही, तिथून तो सुरू होतो, हे या प्रकरणाने मला शिकवलं. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगतो, ते मान डोलावतात. त्यापुढचं मात्र मला सांगवत नाही.

तपासणीसाठी ठेवून घेतलेली सॅक न्यायला तो मुलगा परत ठाण्यात आला होता. सॅक खांद्याला लावून दारापर्यंत गेला आणि वळला.

‘‘साहेब, मी तर कबूल झालो होतो ना? मग त्या दोघांना का काढलं? होममध्ये असं कधीच नाय करायचे.’’