कासार आंबोलीच्या गुलाबावरचा पतंग

अमेरिकेतून परत आल्यापासून माझ्या बायकोचं, मीराचं, मन नेरे गावात लागत नव्हतं. अमेरिकेत मी ऑफिसात आणि ती दिवसभर घरात एकटी. घरामागच्या गुलाबाची पानं गुंडाळून राहणारी अळी आणि तिचा तपकिरी पतंग, हीच तिची तिथली पहिली ओळख. म्हणून इथले घरमालक जेव्हा म्हणाले, "आमच्या मेव्हण्याच्या पॉलीहाऊसात गुलाबाची लई पानं गुंडाळल्यात, बगून या की," तेव्हा तिने उत्तर अमेरिकेतल्या पतंगांचं जाडजूड पुस्तक लगेच पिशवीत टाकलं.

रविवारी बाइकवर निघालो. घोटावड्यापर्यंत कारखान्यांच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली आहे, कंबर जपणाऱ्यांनी सावकाश जावं. फाट्यावर पिठलं-भाकरी झकास मिळते, साठ रुपयांत दोघं जेवलो. कासार आंबोलीत मेव्हणे, तानाजीराव, वाट बघत उभेच होते.

पॉलीहाऊसच्या प्लास्टिकच्या छपराखाली फेब्रुवारीच्या परदेशी ऑर्डरची धांदल होती. मीराने एक गुंडाळलेलं पान उलगडलं, तर हिरवी अळी मागच्या मागे सरकून धाग्याला लोंबकळली. शेजारच्या पानावर पतंग बसला होता, पंखांवर तिरपे पट्टे.

"हाच तो! माझा अमेरिकेतला!" मीरा ओरडलीच.

तानाजीरावांचा चेहरा उतरला. "अमेरिकेची कीड? ताई, ह्ये बाहेर फुटलं तर माल कोन उचलंल? नक्की त्योच हाय का?"

मीरा हो म्हणता म्हणता थांबली. "फोटो काढते. घरी नीट बघून सांगते."

परतीच्या वाटेवर डोंगर सुरेख दिसतात म्हणे. मी पाहिले नाहीत. त्या माणसाचा जीव टांगणीला लावून आल्याचा मला राग येत होता.

घरी फोटो पुस्तकाशेजारी ठेवला. पुस्तकातल्या पतंगाचा मधला पट्टा अखंड, आमच्या पतंगाचा तुटलेला.

"जवळपास तोच आहे की," मी म्हटलं.

"जवळपास म्हणजे तो नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "या पुस्तकात सगळे तिथलेच आहेत रे. इथला पतंग यात सापडेल कसा? मला तो हवा होता, म्हणून तसा दिसला." तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

तिने तानाजीरावांना फोन लावला. "दादा, माझी ओळख चुकली. तो अमेरिकेतला वाटत नाही. तरी एक अळी कृषी खात्यात दाखवून घ्या."

"दावतो की. पर मग नाव काय त्याचं?"

"माहीत नाही."

"असू द्या. हितलाच असंल. कळलं की सांगा."

फोन ठेवून मीरा पुस्तक कपाटात ठेवायला उठली. जाता जाता म्हणाली, "पुढच्या रविवारी परत जाऊ या?"

इथे आल्यापासून तिने स्वतःहून कुठे जाऊ या म्हटलेलं, ते हे पहिलंच.