कादंबरीतले ‘हे’

कादंबऱ्यांतले वाईट नवरे आणि प्रियकर मी पुष्कळ पाहिले. दारुडे, जुगारी, लग्नाचं वचन देऊन विलायतेला पळालेले. त्यांना मी केव्हाच माफ करून टाकलं, कारण ते वाईट आहेत हे निदान लेखकाला तरी ठाऊक होतं. ज्याच्यावर माझा अजून राग आहे, त्याला लेखकाने देवमाणूस म्हणून रंगवला होता. त्याचं नाव मी सांगू शकत नाही. माझ्या यजमानांचं नावही तेच.

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले ती एकोणीसशे तिसाच्या सुमारास. घरात वाचता येणारी बाई मी एकटीच. मे महिन्यात दुपारी फणस फोडले की सासूबाई आणि चुलतसासूबाई हाताला तेल लावून माजघरात गरे काढायला बसत आणि मला वाचायला लावत. पुस्तकं यजमान कचेरीतून येताना वाचनालयातून आणत. निवडही त्यांचीच.

तो देवमाणूस ज्यात होता ते पुस्तक एका बाईने स्वतःची कहाणी सांगावी तसं होतं. लिहिणारा मात्र पुरुष, त्यामुळे ती बाई पानोपानी नवऱ्याचं नाव बिनदिक्कत घेई. मी कशी घेणार? आमच्यात नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही चारचौघींनी छळल्यावर. पहिल्याच पानावर माझी जीभ अडली आणि मी नावाच्या जागी ‘हे’ म्हणून पुढे गेले.

मग काय विचारता! ‘माझी परीक्षा पाहायला ह्यांनी माझ्याशी अबोला धरला.’ ‘कुणाचं तरी ऐकून ह्यांनी मला घराबाहेर काढलं.’ चुलतसासूबाईंच्या हातातला गरा हातातच राहिला.

“असं केलान तुला? आणि आम्हाला बोलली नाहीस गो!”

“माझा मुलगा नाही हो तसला!” सासूबाई उसळल्या. “पुस्तकातला मेला तो.”

आम्ही तिघीही हसलो. हसता हसता मला कसंसंच झालं, कारण परीक्षा पाहणारा आमच्या घरातही होता.

लांज्याला माझी आई अंथरुणाला खिळली होती. चार दिवस पाठवा म्हणून दोनदा निरोप आला. दोन्ही वेळा यजमान ‘बघू’ म्हणाले. नाही म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ‘बघू’ला धड रडताही येत नाही. मी तोंड मिटून राहते का, हे ते पाहत होते; आणि तोंड उघडलं तर ‘बघू’चं ‘नाही’ होईल या धास्तीने मी मिटूनच राहिले.

शेवटी थोरला भाऊ स्वतःच मोटारीने न्यायला आला आणि यजमानांची वाट पाहत ओटीवर बसला. मी लुगडी बोचक्यात बांधून ठेवली.

“तो कचेरीतून येईस्तो शेवट तरी वाचून टाक गो,” सासूबाई म्हणाल्या. “तू माहेरी गेलीस की आमचं राहील.”

मी वाचत होते तेवढ्यात यजमान आले. कोट खुंटीला लावून माजघराच्या दारात उभे राहून ऐकू लागले. वडीलधाऱ्यांसमोर ते माझ्याशी थेट बोलत नसत.

“आई, तिला म्हणावं शेवटचं पान पुन्हा वाच. जरा मोठ्याने.”

स्वारी खुशीत दिसली. आज परवानगी मिळणार, असं मला वाटलं. मी आवाज चढवून वाचलं, ‘ह्यांनी ठेवलं तिथे मी सुखाने राहीन. माहेर मी केव्हाच विसरले. ह्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.’

यजमान वळून ओटीवर गेले. त्यांचे शब्द मला आत स्वच्छ ऐकू आले.

“ऐकलंत ना तिच्याच तोंडून? पावसाळा सरला की पाठवू.”

भावाने पुस्तक पाहिलं नव्हतं, नुसता माझा आवाज ऐकला होता. ते पुस्तकातलं आहे रे, एवढंच मला सांगायचं होतं. पण यजमान ओटीवर उभे असताना आतून ओरडायची माझी छाती झाली नाही. भावाने पाणी मागितलं, ते चुलतसासूबाईंनी नेऊन दिलं. तो पाणी पिऊन निघून गेला. आत वळून त्याने पाहिलं नाही. इकडे सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना शेवट फार आवडला होता.

पावसाळा सरल्यावर यजमानांनी शब्द पाळला. लांज्याला जाऊन ये म्हणाले. आई श्रावणातच गेली होती.