रिकाम्या जागेतलं परीक्षण

दिगू मुळे गेल्याची बातमी मला कोणी सांगितली नाही, ती मी तपासली. शोकसूचनांचा कागद नेहमीसारखा टेबलावर आला. उठावन्याची, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेची वेळ, माधवनगरचा पत्ता... सगळं वाचून मी सही केली आणि मगच नाव डोक्यात शिरलं. उज्जैनच्या एका हिंदी दैनिकात ज्याच्या शेजारी बसून चौदा वर्षं काढली, त्याचं नाव! त्याला आता महिना होईल.

दिगू वार्ताहर, मी पानं लावणारा. तो चिडका, चहाबाज आणि बातमीच्या बाबतीत भलताच चिकट. नव्या कारखान्यांचे आणि नव्या रंगीत जाहिरातींचे ते दिवस. रामघाटावर नदीच्या पाण्याला घाण वास यायला लागला आणि खापर फुटलं भैरवगढच्या कापड छापणाऱ्यांवर. त्यांना नदीत कापड धुवायची बंदी झाली. दिगू भडकला. "अरे यार, भैरवगढ तर घाटाच्या खाली आहे. पाणी काय उलटं चढतं?" आठवडाभर तो नदीकाठाने चालला आणि घाटाच्या वरच्या अंगाला एका नव्या कारखान्याचा नाला त्याने शोधून काढला. फोटोसकट बातमी तयार झाली.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं सिनेमाला गेलो. इंग्रजांच्या काळातला एक संपादक, सरकार छापखान्याला टाळं ठोकतं, तरी पठ्ठ्या अंक काढतोच. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, डोळेही पुसले. दिगू म्हणाला, "चांगला आहे, पण भाषणं जरा जास्तच ठोकतो."

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. त्या कारखान्याची पानभर जाहिरात येणार होती. मी "जी, भाईसाहब" म्हटलं आणि लावलेल्या पानातून दिगूची बातमी काढली. एका शब्दाने वाद घातला नाही, याची आजही लाज वाटते. पानावर भलं मोठं भोक पडलं. हाताशी तयार मजकूर एकच होता... त्या सिनेमाचं मी लिहिलेलं परीक्षण. निर्भीड लेखणी, वृत्तपत्राचं स्वातंत्र्य वगैरे. त्या जागेत ते अगदी बरोबर बसलं.

सकाळी दिगूने अंक उघडला, पान पाहिलं. "छान लिहिलंस," एवढंच म्हणाला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं, पण तो नुसता दमलेला दिसला. भैरवगढच्या कापड छापणाऱ्यांवरची बंदी उठायला पुढे दोन वर्षं गेली. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही.

परवा त्याच्या घरी भेटायला गेलो, तर वहिनींसमोर भैरवगढचे युसुफभाई बसले होते. बंदीच्या काळात त्यांच्याच घरी कापड छापायचे लाकडी ठसे धूळ खात पडले होते. "भले आदमी थे," ते मला म्हणाले. "हमारी खबर नहीं छपी तो खुद चलकर आए, माफी माँगी. बोले, खबर कच्ची थी, मैंने ही रोक ली."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक असावं. मी खाली मान घालून चहा पीत राहिलो...

युसुफभाई, खबर पक्की होती. पानातून ती मी काढली. तिथे न बोललेलं हे वाक्य आज लिहून टाकलं आहे, तेही एका मराठी पुरवणीत. युसुफभाईंना मराठी वाचता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.